एकच कर्ण, दोन मापे : सोलापुरातील एका वाचकगटाचे प्रकरण

वाचकांनी एकत्र येऊन पुस्तकांविषयी बोलायचे तर पुस्तक वाचलेले असावे, बसायला जागा असावी आणि बोलण्याची इच्छा असावी, एवढे पुरते, अशी आपल्याकडची सर्वसाधारण समजूत आहे. सोलापुरातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या आधाराने चालणाऱ्या वाचकगटात जे घडले, ते पाहता ही समजूत अपुरी ठरते. हा गट एकाच प्रकारची पुस्तके वाचत होता तोवर सुरळीत चालला. निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांकडे वळताच तो मोडकळीला आला. आणि पुढे वाङ्मयप्रकारांतला हाच भेद नीट समजून घेतल्यावर सावरला. बैठकींचे टिपण ठेवण्याचे काम माझ्याकडे असल्यामुळे हे सारे मला जवळून पाहता आले. सहभागी व्यक्तींची आणि वाचनालयाची नावे येथे दिलेली नाहीत. पुस्तकांची नावे मात्र दिली आहेत, कारण त्यांच्याशिवाय हे प्रकरण कळणार नाही.

गट आणि गाव

सोलापूर हे एका भाषेचे शहर नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथे बाजारात, दवाखान्यात आणि एस. टी. स्थानकावर सहज कानी पडतात. पूर्व भागात मागावर पोट असलेल्या अनेक कुटुंबांची घरातली भाषा तेलुगू आहे, तर अक्कलकोटच्या बाजूने शहरात आलेल्या कित्येकांच्या घरात कन्नड बोलली जाते. यांतील अनेकांचे शिक्षण मराठीतून झाल्यामुळे त्यांचे वाचन मराठीत होते, पण चिडल्यावर किंवा हळवे झाल्यावर जी भाषा तोंडात येते ती वेगळी असते. मराठी पुस्तक हातात घेणारा प्रत्येक वाचक घरातही मराठीच बोलत असेल, असे या शहरात गृहीत धरता येत नाही, आणि गटाच्या कामकाजात या गोष्टीचा पुढे बराच संबंध आला.

गटात दहा-बारा माणसे नियमाने येत. त्यांत मराठीचे एक निवृत्त शिक्षक होते, ज्यांना सगळे सर म्हणत. यंत्रमागाच्या कारखान्यात उमेदीची सारी वर्षे काढलेले, घरी तेलुगू बोलणारे एक गृहस्थ होते. ते सगळ्यांचे अण्णा. बँकेतून निवृत्त झालेले कन्नडभाषक काका, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एक ताई, औषधाच्या दुकानाचे मालक, दोन गृहिणी, आणि विड्या वळून घर चालवणाऱ्या आईची पदवीच्या वर्गात शिकणारी मुलगी, असा एकूण मेळ होता. शिक्षण, वय आणि हातात असलेला वेळ या तिन्ही बाबतींत इतका फरक असलेली माणसे एका टेबलाभोवती बसतात, हेच मला या गटाचे मोल वाटते. साहित्याच्या औपचारिक कार्यक्रमांत अशी सरमिसळ क्वचितच पाहायला मिळते.

पहिल्या काही महिन्यांत केवळ सामाजिक आणि कौटुंबिक कादंबऱ्या वाचल्या गेल्या. पुढे सर्वांनी मिळून ठरवले की दर महिन्याला एका सदस्याने आपल्या आवडीचे पुस्तक निवडावे आणि बाकीच्यांनी ते वाचावे. हेतू चांगला होता. प्रत्येकाला आपले वाचन इतरांपुढे ठेवता यावे आणि एरवी ज्या कपाटाकडे आपण वळत नाही त्या कपाटातले पुस्तक हाती यावे, हा त्यामागचा विचार होता.

बिघाड

पहिला तडा आत्मकथनाच्या महिन्यात गेला. परिचारिका ताईंनी शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ निवडले होते. 1984 साली प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन दलित साहित्यातील महत्त्वाचे पुस्तक मानले जाते, आणि लेखकाचे गाव हन्नूर हे अक्कलकोट तालुक्यातले, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, म्हणून ताईंनी ते मुद्दाम पुढे केले. बैठकीत औषध दुकानाच्या मालकांनी प्रामाणिकपणे आपले मत सांगितले. त्यांचे म्हणणे असे की पुस्तकात प्रसंगांची साखळी नीट लागत नाही, भुकेचा विषय फिरून फिरून येतो, आणि कादंबरीत जशी गोष्ट पुढे सरकते तशी ती येथे सरकत नाही. ताईंनी शांतपणे विचारले, ‘‘भूक रोज लागत असेल, तर ती एकदाच लिहून कसं भागेल?’’ यावर कोणी काही बोलले नाही. बैठक लवकर आटोपली.

त्या दिवशी कोणी रागावून उठले नाही, त्यामुळे झालेली हानी लगेच ध्यानात आली नाही. मालकांना वाटले की आपल्याला असंवेदनशील ठरवले गेले. ताईंना वाटले की एका माणसाच्या आयुष्याला येथे कथानकाचे गुण दिले गेले. माझ्या मते मालकांच्या निरीक्षणात चूक नव्हती. प्रसंग खरोखरच पुन्हा पुन्हा येतात. परंतु ज्या अपेक्षेने त्यांनी हा दोष मोजला, ती अपेक्षा कादंबरीकडून करायची होती. आत्मकथन आयुष्याला बांधलेले असते, आणि तीच तीच गोष्ट भोगावी लागणे हाच त्या आयुष्याचा आकार असेल, तर पुनरावृत्ती काढून टाकणे म्हणजे ते आयुष्य खोटे करून सांगणे होय. बैठकीत हे कोणाला मांडता आले नाही, कारण तशी मांडणी करण्याची सवयच गटाला नव्हती.

दुसरा तडा मोठा होता. अण्णांची पाळी आली तेव्हा त्यांनी बाबूराव अर्नाळकरांची एक जुनी रहस्यकथा निवडली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या झुंजार, काळापहाड यांसारख्या नायकांनी मराठी वाचकांच्या काही पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे सर्वश्रुत आहे. अण्णांनी तरुणपणी ही पुस्तके रोजाच्या भाड्याने आणून, रात्रपाळी संपवून घरी आल्यावर वाचली होती. मराठी भरभर वाचता येऊ लागले ते या पुस्तकांमुळे, शाळेमुळे नव्हे, असे ते सांगत.

वाचनालयात त्या पुस्तकाची एकच प्रत होती. पाने पिवळी पडलेली, पाठीला खाकी कागद चिकटवलेला, आतल्या तारखांच्या चिठ्ठीवर निळ्या शिक्क्यांची गर्दी. कथेच्या पूर्वार्धातच एका पात्राच्या नावाखाली कोणीतरी पेन्सिलीने जाड रेघ ओढून समासात लिहून ठेवले होते, ‘खुनी हाच’. त्याच्याच खाली वेगळ्या अक्षरात दुसऱ्या कोणीतरी लिहिले होते, ‘मग पुढे काय वाचायचे?’ ही प्रत गटातल्या सर्वांच्या हातांतून फिरली, आणि रहस्यकथेबद्दल मत देताना कोणती काळजी घ्यावी लागते याचा धडा त्या समासातच लिहिलेला होता. त्याकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही.

बैठकीत सरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की अशा पुस्तकांवर चर्चा करण्यासारखे काही नसते. पात्रांना खोली नाही, जीवनदर्शन नाही, भाषा घाईची आहे. ती वेळ घालवण्यासाठी ठीक आहेत, परंतु महिन्यातून एकदा भेटणाऱ्या गटाने आपला वेळ त्यांवर खर्च करू नये, असे त्यांचे मत पडले. सरांचा हेतू अण्णांना दुखावण्याचा मुळीच नव्हता, हे मी आवर्जून नोंदवतो. ज्यांना दिवसभराच्या कामानंतर थोडाच वेळ वाचायला मिळतो त्यांच्या हाती चांगले ते पडावे, ही त्यांची खरी तळमळ होती. अण्णा ऐकून घेऊन एवढेच म्हणाले, ‘‘बरं सर.’’ पुढच्या बैठकीला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. त्यांच्यामागोमाग विद्यार्थिनीनेही येणे थांबवले. तिला विज्ञानकथा सुचवायची होती, पण आपल्या पुस्तकाचे काय होईल याचा अंदाज तिला आला होता.

राहिलेल्यांच्या बोलण्यातही बदल झाला. मते गुळगुळीत झाली. ‘छान आहे’, ‘ओघवती भाषा आहे’, ‘एकदा वाचायला हरकत नाही’ अशी वाक्ये टिपणवहीत येऊ लागली. दुसऱ्याच्या आवडीला धक्का लागू नये म्हणून प्रत्येकजण काळजी घेत होता आणि त्यामुळे कोणाच्याच मतातून काही कळेनासे झाले. माझ्या दृष्टीने भांडणापेक्षा हे अधिक वाईट होते. भांडणात निदान माणूस आपले खरे मत तरी सांगतो.

कारखान्यातले बोलणे

अण्णांना परत बोलावण्यासाठी काका आणि ताई त्यांच्या कारखान्यात गेले. निवृत्त झाल्यावरही अण्णा तेथे तयार मालाची तपासणी करण्यासाठी अर्धा दिवस जात असत. मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावे लागते, म्हणून तिघे बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले. काकांनी नंतर तो संवाद जसाच्या तसा सांगितला तो असा. अण्णा म्हणाले, ‘‘चादर आली की मी तिचं वजन बघतो, वीण बघतो. टॉवेल आला की पाणी किती ओढतो ते बघतो. चादर पाणी ओढत नाही म्हणून मी ती बाजूला टाकली, तर मालक मला कामावर ठेवेल का? सरांनी माझ्या पुस्तकाला पाण्यात बुडवून बघितलं.’’

सोलापुरी चादरीच्या गावात हे सांगणे कोणालाही समजावे असे आहे, आणि प्रकरणाचे निदान त्यात पूर्ण आले होते. रहस्यकथेचे काम वाचकाला फसवायचे, पण प्रामाणिकपणे फसवायचे, हे आहे. उलगडा झाल्यावर मागे वळून पाहिले की सगळे धागेदोरे आपल्या डोळ्यांसमोरच होते असे वाटले पाहिजे. हे न साधणारी रहस्यकथा वाईट, आणि तसे सांगणे हे तिच्यावरचे खरे मत झाले असते. पात्रांच्या अंतरंगाची खोली ही मागणी तिच्याकडे केली तर प्रत्येकच रहस्यकथा नापास होणार, मग चांगली कोणती आणि वाईट कोणती हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. औषध दुकानाच्या मालकांनी आत्मकथनाबाबत आणि सरांनी रहस्यकथेबाबत केले ते एकच होते. दोघांनीही कादंबरीचे माप आणून लावले, कारण गटाने सुरुवातीला केवळ कादंबऱ्याच वाचल्या होत्या आणि तेच माप सर्वांच्या हाताला बसले होते.

काकांनी हे सारे सरांना जाऊन सांगितले. सरांनी काही दिवस विचार केला आणि पुढच्या बैठकीसाठी स्वतःच एक प्रस्ताव मांडला. एका शिक्षकाकडून अपेक्षा करावी तसाच तो नेमका होता.

कर्णाचा महिना

प्रस्ताव असा होता की एका महिन्यात एकच पुस्तक न वाचता, एकाच व्यक्तिरेखेवरची दोन वेगळ्या प्रकारची पुस्तके वाचावीत. व्यक्तिरेखा ठरली कर्ण. एका बाजूला शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी आणि दुसऱ्या बाजूला इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील कर्णावरचा लेख. दोन्ही पुस्तके 1967 सालची. एकाच वर्षी मराठी वाचकांपुढे दोन कर्ण आले आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत, ही गोष्ट गटातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हती. ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ‘मृत्युंजय’ घराघरांत पोचली आणि अनेक भाषांत गेली.

अण्णा या बैठकीला आले. सरांनी दारापर्यंत जाऊन त्यांना आत आणले आणि आपल्या शेजारी बसवले. क्षमायाचनेचे शब्द दोघांपैकी कोणीही उच्चारले नाहीत, पण त्यांची गरजही कोणाला वाटली नाही.

‘मृत्युंजय’ वाचताना जवळजवळ सगळे भारावलेले होते. एका गृहिणीने सांगितले की शेवटच्या भागात तिला पुस्तक खाली ठेवून उठावे लागले. या कादंबरीत कर्ण, शोण, वृषाली, दुर्योधन, कुंती आणि कृष्ण ही पात्रे आपापल्या तोंडाने कथा सांगतात. त्यामुळे वाचक कर्णाच्या आत जाऊन बसतो आणि त्याच्यावर झालेला अन्याय स्वतःवर झाल्यासारखा भोगतो. इरावतीबाईंचा लेख हातात आल्यावर मात्र अनेकांची निराशा झाली. तेथला कर्ण उदात्त नाही. आपण कोण हा प्रश्न त्याला आयुष्यभर छळतो, आणि त्यापोटी तो अनेकदा उणा पडतो, अतिरेक करतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि 1966 साली पूर्ण केली, तिचा आधार घेऊन इरावतीबाई लिहितात. मूळ संहितेत काय आहे आणि नंतर काय शिरले, हे पारखून त्या व्यक्तिरेखा उभ्या करतात.

येथे बैठक पुन्हा जुन्या वळणावर जाण्याची चिन्हे दिसू लागली. ‘‘बाईंनी कर्णावर अन्याय केला,’’ असे एकाने म्हटले. ‘‘कादंबरीकाराने कर्णाला देव करून टाकलं,’’ असे दुसऱ्याने. तेव्हा सरांनी विचारले की अन्याय झाला हे ठरवण्यासाठी आपण प्रत्येक पुस्तकाकडे काय मागतो आहोत ते आधी सांगावे. कादंबरीकडे आपण मागतो की कर्ण आपल्याला आतून दिसावा आणि पानागणिक पटत जावा. लेखाकडे आपण मागतो की आधार दाखवावा आणि त्या आधारातून जेवढे निघते तेवढेच म्हणावे. मग कादंबरीवरचा खरा आक्षेप कोणता, तर एखादे पात्र आपल्याच तोंडाने बोलताना दुसऱ्यासारखे वाटू लागणे. आणि लेखावरचा खरा आक्षेप कोणता, तर आधाराच्या पलीकडे उडी मारणे. हे दोन्ही आक्षेप पुस्तक उघडून, पान दाखवून घेता येतात. त्यानंतर जी चर्चा झाली ती गटाच्या आजवरच्या चर्चांत सर्वांत सकस होती. अण्णांनी दाखवून दिले की ‘मृत्युंजय’मध्ये शोणाचा आणि कर्णाचा स्वर काही ठिकाणी त्यांना सारखाच ऐकू आला. हे निरीक्षण रहस्यकथा वाचणाऱ्या माणसाचे होते. कोण बोलतो आहे याकडे कान देण्याची सवय त्यांना त्याच पुस्तकांनी लावली होती. सरांनी ते स्वतः वहीत उतरवून घेतले.

काकांनी आणखी एक धागा जोडला. एस. एल. भैरप्पा यांची ‘पर्व’ ही कादंबरी त्यांनी मूळ कन्नडमध्ये वाचलेली होती. तिचा उमा कुलकर्णी यांनी केलेला मराठी अनुवाद वाचनालयात होता. भैरप्पांनी महाभारतातले चमत्कार आणि दैवी अंश बाजूला ठेवून ती माणसे हाडामांसाची माणसे म्हणून लिहिली आहेत. म्हणजे तीही कादंबरीच, पण तिने स्वतःवर घालून घेतलेली अट ‘मृत्युंजय’पेक्षा वेगळी. यावरून एक महत्त्वाची गोष्ट गटाच्या लक्षात आली, आणि ती या प्रकरणातील सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे असे मला वाटते. नुसते वाङ्मयप्रकाराचे नाव कळले म्हणून माप कळत नाही. ‘पौराणिक कादंबरी’ हा शिक्का दोन्ही पुस्तकांना लागतो, पण एकीला भव्यता साधायची आहे आणि दुसरीला भव्यता उतरवायची आहे. कपाटावरची पाटी वाचकाला दारापर्यंत नेते. आत गेल्यावर त्या विशिष्ट पुस्तकाने काय करायचे ठरवले आहे, हे पुस्तकातच शोधावे लागते.

नोंदवही

यानंतर गटाने एक साधी पद्धत स्वीकारली. बैठकीपूर्वी प्रत्येकाने वाचनालयात ठेवलेल्या नोंदवहीत चार-सहा ओळी लिहाव्यात, आणि त्यांत हे पुस्तक आपल्याला काय देईल असे वाटले होते, प्रत्यक्षात काय मिळाले आणि हे ज्या पानावर सर्वाधिक जाणवले ते पान कोणते, एवढे यावे. ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ हे शब्द लिहायला बंदी घातलेली नाही, पण ते एकटे चालत नाहीत. लेखनाची सवय नसलेल्या सदस्यांनी तोंडी सांगावे आणि दुसऱ्याने उतरवून घ्यावे, अशीही सोय केली. एका गृहिणीच्या नोंदी तिची मुलगी लिहिते, आणि त्या नोंदी वहीतल्या उत्तम नोंदींपैकी आहेत.

रहस्यकथेसाठी वेगळा नियम करावा लागला. एकच प्रत सगळ्यांत फिरते, त्यामुळे बैठकीपर्यंत काहींचे पुस्तक पूर्ण होत नाही. म्हणून बैठकीचे दोन भाग केले. पहिल्या भागात उलगड्याला हात न लावता मांडणी, वातावरण, संशय कसा फिरवला आहे यावर बोलायचे. दुसऱ्या भागात शेवटावर बोलायचे, आणि ज्यांचे वाचन राहिले आहे त्यांनी तेवढा वेळ चहा घ्यायला बाहेर जायचे. त्या जुन्या प्रतीच्या समासातली पेन्सिलीची नोंद ताईंनी ग्रंथपालांच्या परवानगीने खोडून काढली.

विद्यार्थिनी परतली आणि तिने जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा पुढे ठेवल्या. तिने सांगितलेली हकीकत गटाला विशेष भावली. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, म्हणजे आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. परीक्षकांवर नावाचे दडपण येऊ नये, हा त्यामागचा उद्देश. त्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. यावरून मुलीने सुचवले की गटानेही अधूनमधून लेखकाचे नाव न सांगता एखादा उतारा वाचून दाखवावा आणि मते घ्यावीत. हा प्रयोग झाला तेव्हा सरांनी ज्या उताऱ्यातील वातावरणनिर्मितीची मनापासून प्रशंसा केली, तो एका रहस्यकथेतला निघाला. सर तितक्याच मोकळेपणाने म्हणाले, ‘‘मग ही प्रशंसा तशीच राहू द्या.’’ मला त्यांच्याविषयी वाटणारा आदर त्या वाक्याने वाढला.

विज्ञानकथेच्या बाबतीत प्रश्न वेगळा होता. कथेतील विज्ञान खरे आहे की नाही, हे गटातल्या बहुतेकांना ठरवता येत नाही. मग मत कशावर द्यायचे? चर्चेतून असे ठरले की कथेने एक कल्पित अट मान्य करायला लावली, तर त्या अटीपासून पुढे सारे सुसंगत चालते का, आणि त्या अटीमुळे माणसांच्या वागण्यात जो फरक पडायला हवा तो पडतो का, एवढे कोणताही वाचक पाहू शकतो. विज्ञानाचा खरेखोटेपणा जाणकारांवर सोपवावा आणि ‘हे मला ठरवता येत नाही’ असे वहीत लिहावे. वहीतले हे वाक्य मला फार मोलाचे वाटते, कारण आपले मत कोठवर पोचते हे सांगणारा वाचक दुसऱ्याला अधिक विश्वासार्ह वाटतो.

चितमपल्ली आणि बहिणाबाई

मारुती चितमपल्ली यांचे ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र गटाने त्यांच्या निधनानंतर, म्हणजे जून 2025 नंतर वाचायला घेतले. चितमपल्लींचा जन्म 1932 साली सोलापुरातच झाला, वनाधिकारी म्हणून त्यांचे आयुष्य विदर्भातल्या आणि इतरत्रच्या जंगलांत गेले, आणि 2006 साली सोलापुरात भरलेल्या 79व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनीच भूषवले. पद्मश्रीचा सन्मान मिळाल्यावर काही महिन्यांतच सोलापुरातच त्यांचे देहावसान झाले. साहजिकच हे पुस्तक गटाला आपल्या घरातले वाटले.

आणि तरीही मते विभागली गेली. अण्णा आणि एक गृहिणी यांना सोलापूरच्या बालपणाची पाने सर्वांत जिवंत वाटली. पुढचे जंगल त्यांना लांबचे राहिले. काका आणि विद्यार्थिनी यांना उलट वाटले. त्यांच्या मते पक्षी, झाडे आणि वन्य प्राणी यांच्या नोंदी हेच पुस्तकाचे हृदय होते. हे आत्मचरित्र म्हणून वाचायचे की निसर्गलेखन म्हणून, हा प्रश्न दोन बैठका चालला आणि एकमत झाले नाही. एकाच पुस्तकात दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात तेव्हा कोणता वाचक कोणत्या दाराने आत गेला त्यावर त्याचे मत ठरते. नोंदवहीत प्रत्येकाने आपली अपेक्षा आधी लिहिलेली असल्यामुळे ते या वेळी उघड दिसले, आणि मतभेद असूनही कोणी दुखावले नाही.

कवितेने मात्र ही पद्धत अडचणीत आणली. बहिणाबाई चौधरी यांच्या कविता निवडल्या गेल्या, आणि वहीतल्या नोंदी आश्चर्यकारकपणे कोरड्या निघाल्या. खानदेशातली बोली सोलापूरकरांच्या डोळ्यांना अडखळवत होती. तेलुगू आणि कन्नड घरांतल्या वाचकांना तर अधिकच. ताईंनी आठवण करून दिली की बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी काम करता करता रचलेली गाणी इतरांनी टिपून ठेवली, आणि 1951 साली त्यांचे निधन झाल्यावर, पुढच्या वर्षी, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपात आली. जे मुळात कानांसाठी होते ते आपण डोळ्यांनी वाचून मत देत होतो. मग वह्या मिटून त्या कविता मोठ्याने म्हणण्यात आल्या, आणि म्हणताना ताल धरला गेला. बोलीचे शब्द अर्थासह कळू लागले, काही तर शेजारच्याला विचारून. त्या दिवशीच्या वहीत पानांचे क्रमांक नाहीत. कोणत्या ओळीला कोणाचा हात टेबलावर पडला, एवढेच सरांनी टिपले आहे.

जे अजून सुटलेले नाही

पद्धत बसली म्हणून सारे प्रश्न मिटले असे नाही. औषध दुकानाच्या मालकांनी ‘अक्करमाशी’ पुन्हा वाचले आणि नवी नोंद लिहिली. तीत त्यांनी पुनरावृत्तीविषयीचे पहिले मत मागे घेतले, परंतु काही प्रसंगांचे तपशील त्यांना अजूनही अपुरे वाटतात, असेही स्पष्ट लिहिले. ताईंना ते पटले नाही आणि त्यांनी त्याखाली आपले उत्तर लिहिले. त्या दोन नोंदी एकाच पानावर आहेत. दोघेही आजही बैठकीला शेजारी बसतात.

आत्मकथनावर मत देताना पुस्तकावरचे मत आणि माणसाच्या भोगावरचे मत यांतली सीमा कोठे आखायची, हे गटाला पूर्णपणे ठरवता आलेले नाही. माझे स्वतःचे मत असे आहे की लेखनाविषयी बोलण्याचा हक्क वाचकाला आहे, परंतु आत्मकथनाच्या बाबतीत त्याने आधी आपण त्या आयुष्यापासून किती लांब आहोत हे सांगितले पाहिजे. सरांना ही अट जास्त वाटते. त्यांच्या मते पुस्तक छापले गेले की ते सर्वांचे झाले.

उर्दू वाचणारे सदस्य गटात अजून नाहीत, आणि चार भाषांच्या या शहरात ही उणीव डोळ्यांत भरते. एका सदस्याच्या परिचयातल्या दोन उर्दू शिक्षिकांनी यायचे मान्य केले आहे, पण त्यांनी वाचलेले उर्दू पुस्तक इतरांनी कसे वाचायचे, हा प्रश्न आहे. अनुवाद मिळाला तर ठीक. न मिळाल्यास त्यांनी निवडक भाग मराठीत सांगत जावेत, अशी सूचना पुढे आली आहे. अशा वेळी गटाचे मत त्या पुस्तकाबद्दलचे असेल की त्या सांगण्याबद्दलचे, यावर काकांनी आताच हरकत घेऊन ठेवली आहे. पुढच्या तिमाहीसाठी ठरलेल्या पुस्तकांत अण्णांच्या आग्रहावरून एक रहस्यकथा आहे, आणि तिच्या दोन जादा प्रती घेण्यासाठी ग्रंथपालांकडे दिलेल्या अर्जावर पहिली सही सरांची आहे.